स्लॅबच्या दिवशी विचारायचे सुरक्षित प्रश्न

नव्याने साइटवर रुजू झालेल्या इंजिनिअरांनो, स्लॅबच्या सकाळी एवढंच विचारा: "काय मुकादम, सगळं ओके ना?" उत्तर "हो साहेब" असंच येणार. तपासणी झाली, चहा घ्या.

काही अतिशहाणे "गॅलरीची मेन सळई वर आहे की खाली?" असं विचारतात. अत्यंत गैरसोयीचा प्रश्न. याला नुसतं "हो" म्हणता येत नाही. मुकादमाला फिटरला हाक मारावी लागते, फिटरला वाकून बघावं लागतं. मग कळतं, की खोलीच्या स्लॅबला सळई खाली बांधली आणि त्याच झपाट्यात बाहेर काढलेल्या गॅलरीलाही खालीच बांधली. तिथे ताण वरच्या अंगाला येतो. बरं, वर बांधलेली असली तरी खाली चेअर, म्हणजे तिला वर उचलून धरणारे सळईचे वाकवलेले तुकडे, आहेत का? नसतील तर माल, म्हणजे काँक्रीट, ओतणाऱ्यांच्या पायांखाली ती बसतेच. पण मिक्सर सुरू झाल्यावर हे कळून करायचं काय? टेकू काढले की गॅलरी स्वतःच सांगेल.

पाण्याचंही तसंच. "पाणी बेताने टाका हं" म्हणावं आणि पुढे व्हावं. "गोणीला किती लिटर?" विचारलंत की हिशेब आला: पाणी आणि सिमेंटचं वजनी प्रमाण ०.५ ठरलेलं असेल तर ५० किलोच्या गोणीला २५ लिटर, त्यातून वाळूतली ओल वजा. मग माप शोधा. माप म्हणजे रंगाचा २० लिटरचा डबा, कड चेपलेला. "एक डबा आणि वर थोडं". ते 'थोडं' माल पळेपर्यंत वाढत जातं. माल पळतो, ताकदही पळते.

कव्हर ब्लॉकचा, म्हणजे सळई प्लेटेपासून वर ठेवणाऱ्या ठोकळ्यांचा, विषय काढूच नका. सळईखाली खडीचे तुकडे छान दिसतात.

डिझायनरला विचारायचंच झालं तर रात्री ११ वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर: "सर, बीममध्ये प्रॉब्लेम आहे, काय करू?" सोबत सळयांचा इतका जवळून काढलेला फोटो, की बीम कुठला ते त्यालाही कळू नये. ड्रॉइंगचा नंबर, रिव्हिजन, ग्रिड, ड्रॉइंगमध्ये १६ मिमीच्या ४ आणि जागेवर ३, टेप लावलेला फोटो, "एक वाढवून चालेल का, उद्या १० पर्यंत सांगा" असं लिहिलंत, तर बिचाऱ्याला दोन मिनिटांत उत्तर द्यावं लागेल. मग दिवसभर उत्तराची वाट बघत बसण्याचं सुख गेलं.

टेकू कधी काढायचे, हे ठेकेदार विचारेल. त्याला सेंट्रिंगच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या असतात. "बघा तुमच्या हिशेबाने" म्हणा. स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, जास्त असेल तर १४, गॅलरीचे टेकू बाहेरच्या टोकाकडून आत काढत यायचे, असले तपशील मध्ये आणू नका.

पुढे चौकशी लागली आणि कोणी विचारलं, "तुम्ही तपासलं होतं का?", तर छातीठोक सांगा: "हो साहेब, मुकादमाला विचारलं होतं."