तीस मिनांची नेआयरा

शनिवारी रात्री छोटू शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आला तो झेरॉक्सचा गठ्ठा घेऊनच. छोटू म्हणजे आमच्या वकीलबाईंचा धाकटा भाऊ, इतिहासात एम.ए. करतोय. वर्गातल्या पाच जणांनी मिळून सेमिनारला विषय घेतलाय: प्राचीन ग्रीक जगातल्या लैंगिकतेचा इतिहास. पुढच्या शुक्रवारी प्रत्येकाने वीस मिनिटं बोलायचं, आणि पहिली वीस मिनिटं छोटूची.

"सुरुवात कुठून करू तेवढं सांगा," तो म्हणाला. कटिंग आला, निवला, दुसरा मागवला, तरी ते काही ठरलं नव्हतं.

मन्या, वकील आणि मी शाळेपासूनचे. मन्याने स्वतःबद्दल आम्हाला सांगितलं तेही इथेच बसून, ६ सप्टेंबर २०१८ ला, समलिंगी संबंधांना गुन्हा मानणाऱ्या कलम ३७७ वर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला त्या संध्याकाळी. त्यामुळे हा विषय त्याला निव्वळ सेमिनारचा नव्हता, आणि ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"थीब्जपासून सुरू कर," मन्या म्हणाला. "त्या ग्रीक शहराची खास तुकडी, तीनशे सैनिक. दीडशे जोड्या, एकमेकांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांच्या. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यासमोर कोण पाठ दाखवेल? इसवीसनपूर्व ३७१ मध्ये ल्युक्त्राला याच थीब्जने स्पार्टाचा कणा मोडला. मग ३३८ मध्ये कायरोनियाला मॅसिडोनियाचा फिलिप आला, सोबत अठरा वर्षांचा अलेक्झांडर. तुकडी जागची हलली नाही, तिथेच कापली गेली. आज तिथे दगडी सिंह उभा आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच्याखाली खणलं तर २५४ सांगाडे निघाले, ओळीने ठेवलेले. आणि मला शाळेत सांगायचे की हे पाश्चात्त्यांचं आत्ताचं खूळ आहे."

हे त्याने एका दमात सांगितलं. मला ते ऐकताना बरं वाटलं, खरंच. पण वकील ती वकीलच.

"साक्षीदार कोण?"

"प्लुटार्क, ग्रीक चरित्रकार."

"कधीचा?"

"पहिल्या-दुसऱ्या शतकातला. लढाईनंतर चारेकशे वर्षांनी," छोटूने गठ्ठ्यात न बघता सांगितलं. "आणि इतिहासकार झेनोफन, जो ल्युक्त्राच्याच काळात जगत होता, तो ल्युक्त्राच्या वर्णनात या तुकडीचं नावही घेत नाही."

"झेनोफन स्पार्टाच्या बाजूचा होता," मन्या म्हणाला. "तो कशाला थीब्जच्या पोरांचं कौतुक करेल?"

हा मुद्दा बिनतोड होता. झेनोफनचा स्पार्टाकडचा कल सगळेच मानतात. पण प्लुटार्कसुद्धा जोड्यांची गोष्ट 'काही जण म्हणतात' अशा बेताने सांगतो, हेही छोटूने नोंदवलं. सांगाडे आहेत, सिंह आहे. त्या सांगाड्यांपैकी कोणाचं कोणावर प्रेम होतं, हे मात्र हाडांवर लिहिलेलं नसतं.

मग छोटूने खरी अडचण सांगितली. त्यांच्या गटातच दोन तट पडलेत. एका मुलीचं म्हणणं, 'समलैंगिकता' हा शब्द ग्रीकांना लावूच नये. मूळ युरोपीय शब्द १८६९ चा, केर्टबेनी नावाच्या लेखकाने जर्मनमध्ये घडवलेला. ग्रीकांकडे त्याला प्रतिशब्द नाही. त्यांच्याकडे एरास्तेस, म्हणजे मागे लागणारा, वयाने मोठा. आणि एरोमेनोस, ज्याच्या मागे लागायचं तो, अजून दाढी न फुटलेला. तोच मोठा माणूस पुढे लग्न करतो, त्याला मुलं होतात, आणि यात कोणाला काही विसंगत वाटत नाही. केनेथ डोव्हरने १९७८ मध्ये यावर पुस्तक लिहिलं, मडक्यांवरची चित्रं आणि कोर्टातली भाषणं शेजारी ठेवून. त्यानंतर फ्रेंच विचारवंत फूको आला. तेव्हापासून अभ्यासक याच प्रश्नावर भांडतायत.

"शब्द नव्हता म्हणून माणूस नव्हता का?" मन्याचा आवाज चढला. "मधुमेहाला नाव मिळायच्या आधी लोक मधुमेहाने मरत नव्हते?"

"हे उदाहरण नको," वकील म्हणाली. "तुला आजार म्हणणाऱ्यांशीच तर आपण भांडतो."

मन्या क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "बरं. मराठीत घे. 'समलिंगी' हा शब्द माझ्या आजीला माहीत नव्हता. पण गावातले कोण दोघे आयुष्यभर एका घरात राहिले, हे तिला पक्कं माहीत होतं."

यावर कोणीच काही बोललं नाही. माझ्या मते तो त्या रात्रीचा सगळ्यात खरा मुद्दा होता, आणि तो कुठल्याही पुस्तकातून आलेला नव्हता.

मन्या पुढे तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'मेजवानी'वर आला. इसवीसनपूर्व ४१६, अगाथॉन या नाटककाराच्या घरी मेजवानी, एकेकाने प्रेमावर बोलायचं. विनोदी नाटकं लिहिणारा ॲरिस्टोफेनीस सांगतो की माणसं आधी जोडलेली होती, गोल, चार हात चार पाय. काही पुरुष-पुरुष, काही स्त्री-स्त्री, काही मिश्र. देवांचा राजा झ्यूस याने त्यांना केसाने उकडलेलं अंडं कापावं तसं कापलं, तेव्हापासून प्रत्येक जण आपला उरलेला अर्धा शोधतोय. "म्हणजे तीन प्रकारची माणसं असतात हे त्यांना सुचलं होतं ना? गमतीत का होईना?"

"सुचलं होतं," छोटू म्हणाला. "पण पुढचं वाच. पुरुषाचा अर्धा असलेला पुरुषही मोठा झाल्यावर पोरांच्याच मागे लागतो, आणि लग्न करतो ते कायदा भाग पाडतो म्हणून. कथेतसुद्धा अथेन्सची रीत शिरलीच."

इथे वकिलीणबाईंनी सूत्रं हातात घेतली. तिने छोटूच्या गठ्ठ्यातून टिमार्कसच्या खटल्याचे कागद आधीच वाचले होते, समास पेन्सिलीने भरले होते. इसवीसनपूर्व ३४६-३४५. एस्किनीझ हा पुढारी टिमार्कस या विरोधकावर आरोप करतो की तरुणपणी त्याने पैशासाठी आपलं शरीर दिलं. अथेन्सच्या कायद्याने अशा नागरिकाला नागरिकांच्या सभेत बोलायची बंदी. त्याच बंदीत आणखी कोण? आईबापाला मारणारा, लढाईत ढाल टाकून पळालेला, वडिलोपार्जित इस्टेट उडवलेला. टिमार्कस हरला, त्याचे नागरी हक्क गेले.

"आता यातली खोच बघ," ती म्हणाली. "फिर्यादी भर कोर्टात कबूल करतो की मीही पोरांच्या प्रेमात पडलोय, त्यांच्यापायी मारामाऱ्या केल्यात, कविता लिहिल्यात. आणि ज्युरीला त्यात काही वाटत नाही. म्हणजे पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं हा गुन्हाच नाही. गुन्हा हा की नागरिक असून स्वतःला विकलं. गुलामाने, परक्याने विकलं तर कोणी विचारत नाही. तुझा २०१८ चा निकाल दोन शब्दांवर उभा आहे, मन्या. सज्ञान आणि संमती. अथेन्सच्या कायद्यात मला ते दोन्ही शब्द सापडत नाहीत. तिथे सगळं दर्ज्यावर चालतं. नागरिक कोण, गुलाम कोण, देणारा कोण, घेणारा कोण. अशा गावाचं प्रमाणपत्र तुला कशाला हवंय?"

"प्रमाणपत्र नकोय," मन्या म्हणाला. "पूर्वज हवेत. तुम्हाला आयते मिळतात."

ती थांबली. मग तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि "चूक माझी" एवढंच म्हणाली. पण मुद्दा सोडला नाही, आणि त्यानेही सोडू दिला नसता.

होमरच्या महाकाव्यातले अकिलीस आणि पॅट्रोक्लस निघाले ते इथे. मला वाटायचं की 'ते मित्र की प्रियकर' हा आपल्या काळातला वाद. अजिबात नाही. होमर स्पष्ट काही म्हणत नाही. याच खटल्यात एस्किनीझ म्हणतो की होमरने प्रेमाचं नाव घेतलं नाही, कारण सुजाण श्रोत्याला कळतंच. प्लेटोच्या मेजवानीत फीड्रस भांडतो की दोघांपैकी मागे लागणारा कोण होता. एस्किलसने नाटकात अकिलीसला तो मान दिला हे चूक, कारण अकिलीसला तर दाढीही नव्हती. आणि झेनोफनचा सॉक्रेटिस म्हणतो, छे, ते फक्त सोबती होते. तेवीस-चोवीस शतकांपूर्वी अथेन्समधले लोक कट्ट्यावर बसून हेच भांडत होते, आणि तेही सातआठशे वर्षं जुन्या मानल्या गेलेल्या माणसांबद्दल. पूर्वज शोधायची असोशी त्यांनाही होतीच की.

मेकॉलेचा विषय मीच काढला. ज्या दंडसंहितेने आपल्याला ३७७ दिलं ती १८६० ची, तिचा मूळ मसुदा मेकॉलेच्या हाताखालचा. हाच मेकॉले कलकत्त्यात असताना ग्रीक ग्रंथांची पारायणं करत असे. त्या पिढीच्या साहेबांच्या शाळांत ग्रीक हाच मुख्य अभ्यास. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'लोब' ग्रंथमालेची पुस्तकं निघाली, डाव्या पानावर ग्रीक, उजव्या पानावर इंग्रजी. ग्रीक कवितासंग्रहाच्या खंडात पुरुषप्रेमाच्या काही कविता आल्या की उजवीकडचं इंग्रजी थांबतं आणि लॅटिन सुरू होतं. का? तर लॅटिन शिकलेल्या सभ्य गृहस्थांनाच कळावं, बायकांना आणि सामान्यांना कळू नये.

"म्हणजे लपवणाऱ्यांना सगळं माहीत होतं," मन्या हळूच म्हणाला.

सॅफोबद्दल मात्र आम्ही कमी बोललो, आणि त्याची मला खंत आहे. लेस्बॉस बेटावरची ही कवयित्री ख्रिस्तपूर्व सहाशेच्या आसपासची. अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी तिच्या कवितांची नऊ बाडं केली होती. त्यातली पुरी उरलेली कविता एक, प्रेमदेवता अफ्रोदितीची प्रार्थना. बाकी तुकडे. इजिप्तच्या वाळूतल्या उकिरड्यांतून निघालेले पपायरस, कुठे अर्धी ओळ, कुठे एकच शब्द. बाईने बाईवरच्या प्रेमाबद्दल स्वतःच्या तोंडाने बोललेलं, असं त्या जगातून आपल्याकडे फार थोडं आलंय. जे आलंय तेही बरंचसं फाटकं.

आणि इथून वकील नेआयरा नावाच्या बाईच्या खटल्यावर आली.

खटला इसवीसनपूर्व ३४३ ते ३४० च्या दरम्यानचा. फिर्यादीचं भाषण प्रसिद्ध वक्ता डेमॉस्थेनीसच्या नावावर जपलं गेलं, पण ते अपोलोडोरसचं. नेआयराला कॉरिंथमधल्या निकारेती नावाच्या बाईने लहानपणी विकत घेतलं, आणखी सहा मुलींसोबत. त्यांना वाढवलं आणि धंद्याला लावलं. गिऱ्हाइकांकडून जास्त पैसे उकळता यावेत म्हणून त्या पोटच्या मुली असल्याचं निकारेती सांगायची. पुढे दोन पुरुषांनी मिळून नेआयराला तीस मिनांना विकत घेतलं. तीस मिना म्हणजे तीन हजार द्राख्मा. कुशल कारागिराची दिवसाची मजुरी एक-दोन द्राख्मा. त्या दोघांची लग्नं ठरली तेव्हा ते म्हणाले, वीस मिना दे आणि सुट. तिने जुन्या गिऱ्हाइकांकडून पैसे गोळा केले, स्वतःचे साठवलेले घातले, आणि स्वतःला सोडवलं.

"मग कितीतरी वर्षांनी, ती उतारवयाला लागल्यावर, हा अपोलोडोरस तिला कोर्टात खेचतो," वकील म्हणाली. "ती परकी असून नागरिकाची बायको म्हणून राहते म्हणे. आणि वैर होतं ते तिच्या नवऱ्याशी, स्टेफानसशी! तिच्याशी नव्हतंच. आरोप सिद्ध झाला तर ती पुन्हा गुलाम म्हणून विकली जाणार. याच भाषणात ते प्रसिद्ध वाक्य आहे, की हेतैरा, म्हणजे गणिका, सुखासाठी, रखेली रोजच्या शरीराच्या सेवेसाठी आणि बायका औरस मुलांसाठी. सगळे अभ्यासक ते उचलतात. ज्युरीतल्या पुरुषांनी मान डोलावली असेल. त्या सबंध भाषणात नेआयराचं स्वतःचं एक वाक्य नाही रे. तिचा बचाव उरला नाही. निकालही उरला नाही."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मैदानातले दिवे विझायला लागले होते.

"झेनोफनच्या पुस्तकात इस्कोमाकस नावाचा गृहस्थ सांगतो की त्याची बायको घरात आली तेव्हा पंधराचीही नव्हती," छोटू म्हणाला. "तिचंही नाव नाही दिलेलं."

मन्या कट्ट्यावरून उतरून उभा राहिला. "थीब्जची तुकडी मी सोडणार नाही," तो म्हणाला. "पण एक कबूल करतो. त्या दीडशे जोड्या जेवायला बसायच्या तेव्हा भांडी कोण घासत होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं."

वकील म्हणाली की तिलाही एक कबूल करायचंय. सज्ञान आणि संमती हे शब्द घेऊन ती फक्त दोष शोधत बसली, आणि त्याने हाडांच्या त्या ओळींत काय पाहिलं ते तिने आधी ऐकायला हवं होतं.

निघता निघता छोटूने विचारलं की आपल्याकडचं काही सांगावं का, की विषयांतर होईल. मला लगेच र. धों. कर्वे आठवले. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणारे. वाचकांनी हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांबद्दल पत्रांतून प्रश्न विचारले, कर्व्यांनी त्यांना शास्त्राच्या आधाराने सरळ उत्तरं छापली, आणि त्यासाठी १९३४ मध्ये मुंबईत त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे अश्लील झालं हे मानायला ते तयार नव्हते. खटला हरले, दंड झाला. पण प्रश्न विचारणारे ते वाचक होते आणि त्यांना उत्तर देणाराही कोणी होता, एवढं कागदावर राहिलं.

"ग्रीसच्या सेमिनारमध्ये हे बसणार नाही," मी म्हटलं. "पण तुझ्या घरच्यांना विषय सांगताना बसेल."

पुलापलीकडे हिंदू कॉलनीत आंबेडकरांचं राजगृह आहे. वकील आणि छोटू तिकडेच राहतात. छोटूने चालता चालता पेन मागितलं आणि झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दिव्याच्या खांबाखाली उभं राहून लिहिलं: 'कॉरिंथ. सात मुली. किंमत.' मन्याने वाचलं, पेन घेतलं आणि खाली आणखी एक ओळ घातली: 'मग थीब्ज.'

"वीस मिनिटांत दोन्ही होणार नाही," छोटू म्हणाला.

"मग तुझ्या त्या मैत्रिणीची पाच मिनिटं माग," मन्या म्हणाला. "शब्द नव्हता म्हणणारी ती. तिला घेऊन ये पुढच्या शनिवारी इथे. मला तिच्याशी भांडायचंय."