आपत्ती यायच्या आधी फाईल तयार ठेवा, मालक

बघा मालक, तुमचा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असो नाहीतर चाटी गल्लीत दोन शटरचं दुकान असो, आपत्तीची तयारी आता तुम्हाला करावीच लागणार, कारण सरकारनं मनावर घेतलंय. तसं ते 2005 पासूनच घेतलंय म्हणा, त्या साली आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, दर जिल्ह्याला एक प्राधिकरण आलं, कलेक्टर साहेब त्याचे अध्यक्ष. मग 2025 ला दुरुस्ती झाली आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी शहरी प्राधिकरण वेगळं करायची सोय झाली, म्हणजे उद्या सोलापुरात आपत्तीला यायचं झालं तर तिनं आधी हद्द बघून यावं, जिल्ह्यात यायचं का कॉर्पोरेशनमधे.

तर पहिली गोष्ट, फाईल. नवी पेठेत जाऊन चांगली जाड बॉक्स फाईल घ्या, लाल रंगाची, म्हणजे तपासणीला आलेल्या माणसाला लांबनंच कळतं की इथं गांभीर्य आहे. आत काय घालायचं याचं टेन्शन घेऊ नका. प्लॅन रेडीमेड मिळतो. आमच्या एका मित्राला मिळालेल्या प्लॅनमधे सगळीकडे नाव बदलून सोलापूर केलेलं होतं, फक्त एका पानावर रत्नागिरी राहून गेलं होतं आणि त्याच पानावर समुद्र खवळल्यास काय करावं ते सविस्तर दिलं होतं. मित्र म्हणाला राहू दे बे, उद्या कुणी विचारलं तर सिद्धेश्वर तलाव दाखवू. त्याच प्लॅनमधे संपर्काचे नंबर आहेत, पैकी पहिला 0217 चा लँडलाईन आहे जो लागत नाही आणि दुसरा एका साहेबांचा आहे जे रिटायर होऊन आता नातवाला शाळेत सोडतात. 101 आणि 112 हे दोन नंबर मात्र त्यात कुठंच नाहीत, एवढे छोटे नंबर फाईलीत शोभत नसावेत.

आता सिलिंडर. आग विझवायचा लाल सिलिंडर गेटच्या आत शिरल्या शिरल्या दिसेल असा टांगा, जिथं आग लागायची शक्यता आहे तिथं नको, तिथं कोण बघणार? सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटं मीटर असतं, काटा हिरव्यात असला तर आत प्रेशर आहे, लालात गेला तर तो सिलिंडर फक्त दरवाजा अडवून धरायच्या कामाचा. पण हे बघायची गरज पडत नाही, कारण आपल्याकडे खंडेनवमीला मागांबरोबर त्याचीही पूजा होते, मीटरवर हळदीकुंकवाचा असा जाड थर बसतो की काटा कुठाय ते देवालाच माहीत. झेंडूची माळ पुढच्या दसऱ्यापर्यंत काढायची नाही. पिन ओढायची, नळी ज्वाळांच्या शेंड्यावर न धरता बुडावर धरायची, दांडा दाबायचा आणि नळी डावीकडून उजवीकडे फिरवायची, एवढंच काम असतं, पाच मिनिटांत रात्रपाळीच्या पोरांना शिकवून होईल. पण शिकवू नका, पोरं उगाच वापरून बघतात आणि परत भरायला पैसे लागतात.

कायदा याही बाबतीत आहे बरं का. महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक कायदा सांगतो की बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत आहे असं लायसन्सवाल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी मधे लिहून घ्यायचं आणि द्यायचं. तुम्ही ते मोबाईलवर मागवा. एजन्सीच्या माणसाला एवढ्या उन्हात कशाला बोलावता, जानेवारीत म्हणावं गड्ड्याच्या जत्रेची गर्दी आहे आणि जुलैत म्हणावं पाऊस आहे, नसला तरी.

विम्याचं सांगायचं राहिलं. छोट्या धंद्यांसाठी 1 एप्रिल 2021 पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची पॉलिसी आहे, 5 कोटीपर्यंतच्या मालमत्तेला, आग पूर भूकंप सगळं त्यात येतं. एवढं सरळ प्रकरण आहे म्हणल्यावर आपण त्यात डोकं लावलंच पाहिजे. 80 लाखांचं सूत, मशिन आणि माल असेल तर 20 लाख लिहा, हप्ता वाचतो. मग एखाद्या रात्री 4 लाखांचं नुकसान झालं की विमावाला हिशोब मांडतो, तुम्ही किमतीच्या पावभागाचाच विमा काढला होता सबब भरपाईही पावभाग, म्हणजे 1 लाख. 15 टक्क्यांपर्यंत कमी लिहिलं असतं तर त्यानं तिकडं कानाडोळा केला असता, पण आपण काय 15 टक्क्यांवर थांबणारी माणसं आहोत का.

आणि मी गेलो होतो त्या आपत्तीच्या तयारीच्या कार्यशाळेतला आवडता शब्द, बिझनेस कंटिन्युइटी. म्हणजे काहीही झालं तरी धंदा चालू राहिला पाहिजे. हे सोलापूरकरांना शिकवायला माणूस यावा याचं मला लई कौतुक वाटलं. अहो आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, उन्हाळ्यात पारा 43-44 ला टेकतो, पत्र्याखाली माग चालतात तिथं किती असेल ते मोजायला कुणी जात नाही, आणि धंदा चालू आहे. सप्टेंबर 2025 ला सीना नदीला पूर आला आणि लांबोटीजवळ पुणे हायवे बंद झाला, तेव्हा ज्यांचा माल त्या रस्त्यानं जायचा होता त्यांनी काय प्लॅन काढून वाचला असेल का? फोन केले, ओळखी काढल्या, दुसऱ्या रस्त्याचा ड्रायव्हर शोधला, नाही मिळाला तर चिवडा खात बसले. खरं तर तेव्हा एकच साधी गोष्ट कामी आली असती, दुसरा रस्ता कुठला आणि त्याचं भाडं कोण भरणार हे पार्टीशी आधीच बोलून ठेवलेलं असणं. पण प्लॅनमधे त्याला रकाना नाही.

मोबाईलचंही सरकारनं केलंय. 2023 ला आठवतंय का, सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले आणि इमर्जन्सी अलर्ट आला, ती चाचणी होती. वीज पडायची खबर देणारं दामिनी ॲप आहे, बाकी सगळ्यासाठी सचेत ॲप आहे. दोन्ही घ्या आणि नोटिफिकेशन बंद करा, दुपारची झोप मोडते.

मॉक ड्रिल तर घ्याच घ्या. मंगळवारी अकराला आग लागणार आहे हे सोमवारी सगळ्यांना सांगून ठेवायचं, म्हणजे बायका बऱ्या साड्या नेसून येतात आणि फोटो चांगला येतो. असेंब्ली पॉईंटची पाटी जिथं लावलीय तिथं तुमची गाडी उभी असते, ती त्या दिवशी पुढं घ्या. बाहेर पडायला किती वेळ लागला हा रकाना आदल्या रात्रीच भरून ठेवा, 2 मिनिटं 40 सेकंद लिहा, गोल आकडा लिहिला की संशय येतो.

14 ते 20 एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो. तो का असतो, तर 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत एका जहाजाचा स्फोट झाला त्याची आठवण म्हणून. त्या जहाजात दारूगोळा होता आणि त्याच्या जोडीला कापसाच्या गाठी, आग म्हणे त्या कापसातनंच धुमसत गेली. कापूस, गाठी, बंद जागा. ओळखीचं वाटतंय ना?

18 मे 2025 ला, म्हणजे त्या वर्षीचा सप्ताह संपून महिना होत नाही तोवर, पहाटे आमच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि 8 माणसं गेली. मालक, त्यांच्या घरची, कामगाराच्या घरची, त्यात एक पाळण्यातलं लेकरू. तिथंच राहायची ती सगळी. यावर मला विनोद सुचत नाही आणि सुचला तरी लिहिणार नाही. त्या दिवसानंतर बरेच दिवस मी स्वतःच्या शेडमधे रात्री उगाच चक्कर मारत होतो, जिन्यावर सुताच्या कोनांची पोती, मोटारीवर कापसाचं तूस बोटभर, आणि मागचं दार, ज्याला बाहेरनं कुलूप. का, तर टॉवेल जातात. वर्षाला किती जातात कधी मोजले नाहीत, पण जातात. चावी मुकादमाकडं असते आणि मुकादम रात्री घरी असतो.

म्हणूनच मी त्या कार्यशाळेला गेलो होतो. कुठल्या ऑफिसची ते विचारू नका, एसी हॉल होता, फ्लेक्स मोठा होता, दीपप्रज्वलन झालं (आगीवरच्या कार्यशाळेत, असो). साहेबांचं भाषण पाऊण तास, मग स्लाईड, त्यात जपानची शाळा, जपानचा कारखाना, जपानचा पूल. माझ्या शेजारी एका कारखान्याचा सुपरवायझर बसला होता, आमच्यातला, तेलुगू बोलणारा, साठीचा अण्णा. तो हात वर करून उभा राहिला आणि म्हणाला, साहेब एक छोटं विचारायचं होतं, रातपाळीला मागचं दार आतनं उघडेल असं ठेवायचं म्हणलं तर मालक कुलूप काढत नाहीत, त्यांना तुमचं एखादं पत्र मिळेल का?

हॉलमधे जे मालक होते ते सगळे एकदम मोबाईल बघायला लागले. मी पण.

साहेब हसले आणि म्हणाले, चांगला प्रश्न आहे, प्रश्नोत्तरं शेवटी घेऊ. शेवटी प्रमाणपत्रं होती, मग ग्रुप फोटो, आणि मग जेवण. शेंगाची पोळी होती. अण्णा माझ्या पुढं रांगेत उभे होते, प्रमाणपत्राची गुंडाळी करून काखेत धरलेली, त्यांनी वळून विचारलं, तुमच्याकडं मागचं दार कसं आहे हो मालक? मी म्हणलं, तूप घ्या अण्णा, संपायला लागलंय.