हलतसुद्धा नाही मेला

आमच्या दारात मॅग्नोलियाचं झाड आहे. सोनचाफ्याच्या कुळातलं, वनस्पतिशास्त्रज्ञांनी तर आता सोनचाफ्यालाही मॅग्नोलियातच नेऊन बसवलंय. थंडी सरता सरता, अंगावर एक पान नसताना, हे झाड अचानक वाटीएवढाली फुलं उघडतं. आठ-दहा दिवस चैन. उरलेलं वर्ष आम्ही त्या आठ-दहा दिवसांच्या आठवणीवर त्याला पाणी घालतो.

त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात फांद्यांवर मणी दिसले. तपकिरी-गुलाबी, गुळगुळीत, अर्ध्या इंचाचे, दाटीवाटीने ओळीत बसलेले. मी हरखलो. "यंदा बघ काय कळ्या धरल्यात!" असं घरात ओरडून सांगितलं. बायको बाहेर आली, चष्मा कपाळावर सरकवून तिने पाहिलं आणि म्हणाली, "कळी फांदीच्या टोकाला येते ना? ह्या पोटाला कशा आल्या?"

हिला शंका काढायची सवयच आहे. मी तिच्याकडे दुर्लक्ष करून झाडाला नत्राच्या खताचा जादा डोस दिला. नत्र जास्त झालं की कोवळी, रसाळ फूट येते आणि ती ह्या मण्यांना भलतीच मानवते, हे मला फार उशिरा कळलं. कळ्यांच्या बाळंतपणासाठी म्हणून मी डिंकाचे लाडू वळले आणि खाल्ले भलत्यांनीच.

पंधरा दिवसांनी गाडीचं टप चिकट झालं. पुसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चिकट. मी आधी शेजारच्या पोरावर संशय घेतला, मग पक्ष्यांवर. मग मुंग्यांची रांग लागली, गांधीलमाश्या घोंगावू लागल्या आणि खालची पानं हळूहळू काळी पडली, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखी. मी ओलं फडकं घेऊन शिडीवर चढलो आणि पान न् पान पुसलं. पंख्याची पाती पुसतात तसं. एकशे चाळीस पानं झाल्यावर मी मोजणं सोडलं. खालून बायकोने विचारलं, "मागची बाजू पुसली का?"

शेवटी एक 'कळी' नखाने दाबली. ती पच्कन फुटली.

ही खवले कीड. मॅग्नोलियावर बसणारी ही जात मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडची आणि तिथल्या मऊ खवले किडींमध्ये अंगाने सर्वांत मोठी. सुईसारखं तोंड फांदीत खुपसायचं आणि रस ओढत बसायचं, एवढाच हिचा उद्योग. रसात साखर इतकी की हिलाही पचत नाही. जास्तीचा पाक ती मागून सोडते. तोच गाडीवर पडत होता. त्या पाकावर काळी बुरशी वाढते, तीच मी फडक्याने पुसत होतो. पाकाच्या लोभाने मुंग्या येतात आणि किडीला खाणाऱ्या लेडीबर्ड किड्यांना हुसकावून लावतात. थोडक्यात, माझ्या दारात एक दुग्धशाळा चालू होती. गाई त्यांच्या, गुराखी त्यांचे, गोठा तेवढा माझा.

नराची कथा त्याहून करुण. त्याला पंख असतात, पण खायला तोंडच नसतं. संसाराचं काम उरकून तो लगेच मरतो. हे वाचून मी काही वेळ गंभीर झालो होतो.

मग युद्ध सुरू झालं. साबणाचं पाणी मारलं, पाण्याचा जोरदार फवारा मारला, आणखी एक उग्र वासाचा घरगुती काढा मारला, ज्याने फक्त आम्ही घराबाहेर पडलो. मण्यांवर परिणाम शून्य. उलट त्यांनी अंगावर पांढरं मेणचट पीठ चढवलं आणि पावडर लावून निघालेल्या वऱ्हाडासारखे ते बसून राहिले. अंगाला मेण असलेल्या पूर्ण वाढलेल्या मादीला फवारा लागत नाही. शिवाय मेलेली कीडही फांदीला तशीच चिकटून राहते! म्हणजे उपाय लागू पडला की नाही हे कळायला प्रत्येकीला नखाने टोकरायचं. कोरडा पापुद्रा निघाला तर गेली, ओलं लागलं तर आहे. मी रोज सकाळी चहाआधी झाडाखाली उभा राहून पुटपुटायचो, "हलतसुद्धा नाही मेला." यातला 'मेला' ही शिवी होती की निदान, हे माझं मलाही ठरवता येत नसे.

ह्या किडीचा सगळा खेळ पंचांगाचा आहे. वर्षातून पिढी एकच. उन्हाळा संपता संपता मादी थेट पिल्लंच घालते, धुळीच्या कणाएवढी. ती रांगत रांगत कोवळ्या फांद्यांवर जातात, जागा धरतात आणि तिथेच थंडी काढतात. ही रांगणारी आणि थंडीत निजलेली पिल्लं तेवढी मारता येतात. माणसाला संताप येतो ऐन उन्हाळ्यात, गाडी चिकट झाल्यावर. तेव्हा ती चिलखतात असते. आणि ती उघडी पडते तेव्हा गाडी स्वच्छ असते, आपण सुखात असतो आणि झाडाकडे बघतही नाही. मुहूर्त साधायला मी फांद्यांना दोन्हीकडून चिकटणारी टेप गुंडाळली होती, पिल्लं रांगू लागली की टेपवर अडकलेली दिसतात म्हणून. मग आम्ही आठ दिवस बाहेरगावी गेलो. परत आलो तर टेपवर ठिपकेच ठिपके, आणि बाकीची मंडळी केव्हाच स्थिरस्थावर झालेली.

मुळाशी ओतायचं आंतरप्रवाही औषधही असतं. पण ते झाडाच्या रसात भिनतं, फुलापर्यंतही पोचू शकतं आणि कीड खाणाऱ्या किड्यांनाही भोवतं. मधमाश्या पृथ्वीवर येण्याच्याही आधीपासूनचं हे कुळ; त्याची फुलं फळवण्याचं काम मुळात भुंगेऱ्यांकडे. डायनासोर पाहिलेल्या घराण्यात मी विष कालवणार? नको वाटलं.

उरला पहारा. थंडीत पानं झडल्यावर मी जुना दात घासायचा ब्रश घेऊन शिडीवर चढलो. पिल्लं करड्या-काळ्या टिकल्यांसारखी, बहुतेक फांदीच्या खालच्या अंगाला. घास घास घासली. फारच दाटी होती त्या दोन-चार फांद्या जड मनाने छाटल्या. मग कळ्या उमलायच्या आधी, पाणी गोठणार नाही असा दिवस बघून, फळझाडांवर मारतात ते बागायती तेल लिटरला वीस मिली घालून फवारलं. ते किडीला विषाने नाही, गुदमरवून मारतं. म्हणून प्रत्येक टिकली भिजायला हवी. आणि टिकल्या खालच्या अंगाला. म्हणजे नळी वर करून फवारायचं, की तेल फांदीला लागून परत आपल्याच तोंडावर. शेजारच्या काकांनी कुंपणापलीकडून विचारलं, "झाडाला तेल लावताय की स्वतःला?" मी उत्तर दिलं नाही. तोंड उघडायची सोय नव्हती.

त्या वसंतात फुलं आली. आधीच्या वर्षांपेक्षा कमी, पण आली. बायकोने मैत्रिणींना बोलावलं. सगळ्या माना वर करून "अगंबाई, काय सुंदर!" म्हणत होत्या, फोटो काढत होत्या. एकीने हिला हळूच विचारलं, "हे काय शोधतायत गं?"

मी गुडघ्यांवर बसून सगळ्यात खालच्या फांदीचं पोट बघत होतो. एक सापडली. नखाने टोकरली.

ओली.