आधी आवाज बंद करून दाखवा

सायकिॲट्रीच्या रेसिडेंट्सना, म्हणजे मानसोपचार शिकणाऱ्या डॉक्टरांना, पेशंट निरखायला शिकवताना सिनेमा जरूर दाखवा, पण अख्खा नको. अडीच तासांत निम्मे पेंगतात आणि उरलेले कथेत वाहून जातात. सहा-आठ मिनिटांचा एकच प्रसंग पुरतो. तोही पहिल्यांदा आवाज बंद करून, कारण समोरचा माणूस दुःखी आहे की धोकादायक, हे पार्श्वसंगीत आधीच सांगून टाकतं. ओपीडीत व्हायोलिन वाजत नसतं. पेहराव, नजर, हालचाली, चेहरा, जे दिसलं तेवढंच कागदावर उतरवायचं. दुसऱ्यांदा आवाजासकट लावा आणि बोलण्याचा वेग, विचारांची सांगड टिपायला सांगा. निदान मात्र विचारू नका. विचारलंत की पोरं आधी नाव ठरवतात, मग लक्षणं त्यात कोंबतात.

खरी गोची कॅमेऱ्याची आहे. तो थेट पेशंटच्या डोक्यात शिरतो. 'अ ब्युटिफुल माइंड'मध्ये (2001) स्किझोफ्रेनिया असलेल्या गणितज्ञ जॉन नॅशचा काल्पनिक रूममेट आपल्यालाही दिसतो, म्हणून सगळे 'व्हिज्युअल हॅल्युसिनेशन' (नसलेलं दिसणं) लिहून मोकळे होतात. ओपीडीत तो रूममेट कुणाला दिसणार? दिसतो तो स्वतःशी पुटपुटणारा माणूस. त्याला काय ऐकू येतं, हे विचारून विचारून काढावं लागतं. खऱ्या नॅशना आवाजच ऐकू यायचे, आणि स्किझोफ्रेनियात जास्त आढळतं तेही तेच. शिवाय पडद्यावरचा नॅश शेवटी नवी औषधं घेत असल्याचं सांगतो. खऱ्या नॅशनी 1970नंतर औषधं घेतली नव्हती. हा बदल योग्य की अयोग्य, यावर वीस मिनिटं भांडू द्या. औषधं सोडलेला पेशंट समोर बसला की हेच भांडण उपयोगी पडतं.

एक गोष्ट सिनेमात जवळपास सापडतच नाही: उत्तराआधीची लांब शांतता. तीव्र नैराश्यातला माणूस साध्या प्रश्नालाही कितीतरी वेळ लावतो, आणि एडिटर नेमका तोच वेळ कापतो. ते शिकायला वॉर्डच हवा.

'देवराई' (2004) दाखवायचा तो स्किझोफ्रेनिया असलेल्या शेषसाठी कमी, त्याच्या बहिणीसाठी जास्त. एका रेसिडेंटला बहीण करा, दुसऱ्याला तिच्याकडून हिस्टरी, म्हणजे आजाराची माहिती, घ्यायला लावा. थकलेल्या नातेवाइकाला पहिला प्रश्न काय विचारायचा, इथेच बरेच जण अडखळतात.

'वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट'मधला (1975) भूल न देता दिलेला शॉक दाखवल्यावर लगेच ईसीटी (मेंदूला विजेचा झटका देऊन करायचा उपचार) नातेवाइकाला तीन मिनिटांत मराठीत समजावून सांगायला लावा. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी द्यायला 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच मनाई आहे, हे त्यात आलं पाहिजे. नातेवाईक 'शॉक' हाच शब्द वापरणार. तो खोडून काढू नका, तिथूनच बोलायला सुरुवात करा.