फोटोत फक्त बॅकिंग दिसतं

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना ट्रायल्समध्ये, म्हणजे पाय न टेकवता सायकल दगड-भिंतींवर उडवत नेण्याच्या आपल्या खेळात, रस नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं. ज्यांना आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावं आणि मगच भांडायला यावं.

एका स्पॉन्सर्ड रायडरने व्हिडिओ टाकलाय. नाव घेत नाही, तुमच्यापैकी निम्म्यांनी तो लाइक केलेला मला दिसतोय. नवे ब्रेक पॅड हातात धरून साहेब सांगतात, ‘रिम कुठलीही असो, ओली असो, कोरडी असो, हे लावा आणि विसरून जा.’ खाली डिस्काउंट कोड. मागच्या सीझनला हाच माणूस दुसऱ्या रंगाचे पॅड हातात धरून हेच सांगत होता. वाक्यंसुद्धा फारशी बदललेली नाहीत.

तेवढ्यावर मी काही लिहिलं नसतं, जाहिराती काय रोजच बघतो. पण आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या पोराने साठवलेल्या पैशांतून हे पॅड मागवले, वापरून गुळगुळीत झालेल्या जुन्या रिमवर चढवले, आणि आज भिंतीच्या कडेवर मागच्या चाकाने उतरताना चाक सुटलं. पेडलच्या पिनांनी नडगी सोलली. टाके पडले. ते भरतील, नडगी कुणाची फुटली नाही आपल्यात? डोकं फिरलं ते त्याच्या प्रश्नाने. पायावर पाणी ओतत असताना मला विचारतो, ‘दादा, माझंच बोट चुकीचं पडतं का? त्याचं तर कधीच सुटत नाही.’

म्हणजे बघा. ब्रेक घसरला आणि पोराचा स्वतःवरचा विश्वास गेला.

साध्या सायकलला ब्रेक लागतो तो वेग कमी करायला. आपल्याला लागतो तो उभं राहायला. पुढचं चाक हवेत, सगळ्या अंगाचा भार मागच्या टायरच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर, आणि ते चाक जागेवर धरून ठेवणारं लिव्हरवरचं एकच बोट. ब्रेक सोडायचा, पेडलला झटका द्यायचा, हवेत असतानाच पुन्हा ब्रेक दाबायचा आणि कडेवर उतरायचं. उतरल्यावर चाक चार बोटं फिरलं तरी खेळ खलास. म्हणून आपल्यात ‘ब्रेक बरा आहे’ असं कुणी म्हणत नाही. ब्रेक धरतो किंवा धरत नाही. आणि धरेल की नाही ही शंका एकदा बोटात शिरली की उडी अर्धीच पडते. अर्ध्या उडीला किती लागतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. काहींनी ऐकली असेल, पुन्हा ऐका.

स्पर्धेची आदली संध्याकाळ होती. सरावाच्या जागी एक रायडर दगडावर बसून काम करत होता. मोठं नाव, जर्सीवर स्पॉन्सर्सची गर्दी. त्याने स्पॉन्सरचे कोरे करकरीत पॅड घेतले, ब्लेडने त्यांचं मूळ मटेरियल खरवडून काढलं, बॅकिंग, म्हणजे मागची कडक पट्टी, कानशीने साफ केलं आणि त्यावर दुसऱ्याच कंपनीचे ब्लॉक चिकटवले. रंग उघडा पडू नये म्हणून कडेने काळा मार्कर फिरवला. मी बघत उभा होतो, तर मलाच म्हणाला, ‘जरा दाबून धर.’ मी धरलं. तो गोंद नंतर अंगठ्यावरून निघता निघेना. मी विचारलं, कुणाच्या लक्षात आलं तर? तो हसला. म्हणाला, ‘फोटोत फक्त बॅकिंग दिसतं.’

दुसऱ्या दिवशी गडी अप्रतिम खेळला. नंतर मुलाखतीत म्हणाला, हे पॅड नसते तर जमलंच नसतं. कुठले ‘हे’, ते मला आणि माझ्या अंगठ्याला माहीत.

आजचा व्हिडिओवालाही असाच गोंद लावतो असं मी म्हणत नाहीये. लावत नसेल. माझा आक्षेप वेगळा आहे. व्हिडिओ थांबवा, मोठा करा आणि त्याची रिम बघा. ताज्या घासणीचे ओरखडे लखलखताहेत! पोराने ते पाहिलेच नाहीत, कारण साहेबांनी दाखवलेच नाहीत. त्यांनी दाखवलं ते पाकीट.

रिम ब्रेकची अर्धी पकड पॅडमध्ये असते आणि अर्धी अँगल ग्राइंडरमध्ये, हे आपल्यातल्या जुन्या लोकांना पाठ आहे. चाक फिरवत चकती हलक्या हाताने, तिरकी टेकवायची. रिमच्या कडेवर बारीक ओरखडे उठतात आणि त्यांच्या धारांमध्ये पॅड रुततो. दाबून खणलं की रिमचा सत्यानाश, नुसतं चाटवलं की काही उपयोग नाही. चालवता चालवता त्या धारा बोथट होतात, खाचांमध्ये पॅडची भुकटी बसते, आणि कालपर्यंत बोटभर दाबाने जाम होणारं चाक आज सरकायला लागतं. पॅड तोच, लिव्हर तीच, बोटही तेच. मग पुन्हा घासा. दर घासणीला रिमची भिंत थोडी पातळ होते आणि एक दिवस चिरते. शिवाय ताजी घासलेली रिम पॅड खाऊन टाकते. ज्याला पॅड फुकट आणि रिमही फुकट, तो दर स्पर्धेआधी घासेल, नाही कोण म्हणतंय? त्या सायकलवर कुठलाही बरा पॅड लावा, धरणारच.

आणि रिम हे एकच प्रकरण झालं. पॅडचं बॅकिंग प्लास्टिकचं असेल तर दाबाखाली थोडं वाकतं, ॲल्युमिनियमचं वाकत नाही. ब्रेक दाबला की फ्रेमचे मागचे दांडे बाहेर फाकतात, म्हणून वरून दोन्ही दांडे जखडणारी कमान, बूस्टर, लागतो. पॅड रिमला सपाट टेकला पाहिजे. एक कोपरा आधी लागला की ब्रेक बोंबलतो आणि धरत मात्र नाही. हायड्रॉलिक ब्रेकच्या नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी लिव्हर स्पंजासारखी. काही जण तर मागुरा कंपनीच्या ब्रेकमधलं मिनरल ऑइल काढून पाणी भरतात, लिव्हर चपळ होते म्हणून. कंपनी ऑइलच भरा म्हणते, आणि कडाक्याच्या थंडीत ते पाणी गोठतं ते वेगळंच. व्हिडिओत लिव्हर टकाटक परत येताना दिसते. आत काय भरलंय ते कोण सांगतंय?

(एके काळी लोक रिमला डांबर चोळायचे. चाक असं किंचाळायचं की लांबून कळायचं, कोण आलंय ते. मला तो आवाज अजून आवडतो. असो.)

डिस्क ब्रेकवाले एव्हाना हसत असतील. हसू नका. तुमच्या पॅडला तेलाचा एक ओघळ लागू दे, मग होप कंपनीचा खास ट्रायल्ससाठी केलेला ट्रायल झोन ब्रेक असला तरी बोट दाबून दाबून पांढरं पडेल. 1987 मध्ये मागुराने सायकलसाठी हायड्रॉलिक रिम ब्रेक आणला, पुढे माउंटन बाइकवाले सगळे डिस्ककडे गेले, तरी आपल्या खेळात मागुराचा रिम ब्रेक एचएस 33 टिकून राहिला तो उगाच नाही.

कुणीतरी म्हणेल, नवख्याने स्वतः शिकून घ्यावं, सगळी माहिती उघडी आहे. आहे, मान्य. पण ‘लावा आणि विसरून जा’ म्हटल्यावर तो शोधेल कशाला?

मी स्पॉन्सरशिपच्या विरोधात आहे असाही अर्थ काढू नका. अहो, हा खेळच कंपनीच्या अंगणात वाढला. कॅटलोनियात पेरे पीने मॉन्टी सायकली काढल्या आणि त्याचाच मुलगा ओट पी त्यांच्यावर जगज्जेता झाला. यापेक्षा पक्की स्पॉन्सरशिप कुठली? ट्रायल्स रायडर हान्स रे जीटी कंपनीच्या सायकलवर गावोगाव शो करत फिरला म्हणून कितीतरी लोकांना हा प्रकार अस्तित्वात आहे हे तरी कळलं. आणि डॅनी मॅकॅस्किल. 2009 मध्ये त्याचा तो गाजलेला व्हिडिओ आला तेव्हा तो एडिनबर्गमधल्या एका सायकलच्या दुकानात मेकॅनिक होता, कॅमेरा घरात सोबत राहणाऱ्या मित्राचा. त्यात आधी काय दिसतं? त्या टोकदार लोखंडी कुंपणावरून तो पडताना दिसतो. जमलेलं नंतर येतं. पडणं दाखवल्याने त्याचं काय बिघडलं? पुढे त्याच्यामागे स्पॉन्सर रांगेने आले.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, तेव्हा दुसरी बाजूही लिहून टाकतो. आपला खेळ ऑलिंपिकमध्ये नाही. 20 इंची आणि 26 इंची गटांत जगज्जेते झालेल्या माणसांना रस्त्यात कुणी ओळखत नाही. बहुतेक स्पॉन्सर्ड रायडरना मिळतं काय, तर फ्रेम, टायर, पॅड आणि नशीब चांगलं असेल तर प्रवासखर्च. बदल्यात शरीर द्यायचं. ब्रिटिश ट्रायल्स रायडर मार्टिन ॲश्टनचं आठवा. 2013 मध्ये सिल्व्हरस्टोनला प्रात्यक्षिक करताना पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. अनुभवाने तो कुणाला कमी होता का? त्या बातमीनंतर मला बरेच दिवस उंचीवर जावंसं वाटलं नव्हतं.

तो गोंदवाला रायडरही काही ऐषारामात नव्हता. व्हॅनमध्ये झोपायचा. त्या संध्याकाळी त्याचे ओले बूट बॉनेटवर वाळत होते आणि तो इतरांकडे जादा ट्यूब मागत फिरत होता. कराराचं नूतनीकरण तोंडावर होतं. त्याने खरं बोलून फ्रेम घालवावी, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

पण मग पुन्हा तेच आठवतं आणि पुन्हा डोकं तापतं. त्याने गोंद स्वतःच्या सायकलसाठी लावला. स्वतःची नडगी कुठल्या पॅडच्या भरवशावर टाकायची हे त्याला बरोबर ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या नडगीसाठी त्याच्याकडे फोटो होता. पॅडऐवजी स्टिकर, हँडलबार किंवा जर्सी असती तर मी एक अक्षर बोललो नसतो. विका ना! वाटेल तो रंग जगात सर्वोत्तम म्हणून विका. ब्रेक नाही.

आणि मागतोय काय मी? करार मोडा म्हणत नाही. स्पॉन्सरच्या विरोधात बोला म्हणत नाही. तेच पॅड, तेच पाकीट, तोच डिस्काउंट कोड. फक्त बरोबरीने सांगा की रिम कधी घासली, बॅकिंग कुठलं आहे, आणि तुमच्याकडे हे पॅड किती टिकतात. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. दोन मिनिटांत अडथळ्यांचा अख्खा सेक्शन संपवणाऱ्या माणसाला अर्धं मिनिट जड आहे का? कंपन्यांनाही हेच. पाकिटावर एवढी चित्रं छापता, तिथे ‘घासलेल्या रिमसाठी’ एवढे दोन शब्द मावत नाहीत?

मी व्हिडिओखाली सभ्य भाषेत विचारलं की रिमची शेवटची घासणी कधी झाली होती. कमेंट उडवली. त्याच्या आजूबाजूच्या ‘भाऊ नाद नाय’, ‘आग आग’ मात्र सगळ्या शाबूत आहेत. त्यातल्या दोन-तीन तुमच्याच आहेत, मंडळी. तुम्हाला सगळ्यांना घासणी ठाऊक आहे. तिथे एक ओळ लिहायला तुमचं काय जात होतं?

पोराचे पॅड मी काढून पाहिले. खरं सांगायचं तर वाईट नाहीत. मऊ आहेत, ॲल्युमिनियमचं बॅकिंग आहे, ताज्या रिमवर चांगले धरतील. त्याचं बोटही बरोबर जागेवर पडतं, मी कितीदा बघितलंय. हे त्याला सांगितलं, पण त्याच्या चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही. व्हिडिओतल्या माणसासमोर माझं कोण ऐकतो?

टाके निघाले की त्याचं चाक घासायला घेतोय, ग्राइंडर त्याच्याच हातात देणार आहे. आणखी कुणाची रिम गुळगुळीत झाली असेल तर या. टायर-ट्यूब काढून चाक आणा, डोळ्यांना गॉगल आणि कानात बोळे आपापले. आणि झिजलेल्या पॅडची बॅकिंग फेकून देऊ नका, गोंद आहे माझ्याकडे.