अंडी लाखो, मग पिल्लं कुठे आहेत?

सध्या एक मजकूर जोरात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: स्टर्जन या नदीत विणणाऱ्या मोठ्या माशाची एक मादी एका वेळी लाखो अंडी घालते, म्हणून तो नामशेष होईल ही भीती खोटी. नदीत मोठाले मासे दिसतात, म्हणजे सगळं ठीक. कमी वाटलेच तर मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढवलेली पिल्लं, सोडा. विणीच्या हंगामात नदीच्या तळाशी अंडी शोधत बसणं ही पैशाची नासाडी, वर माशांना त्रास. वाचताना हे पटतं, म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं.

लाखो अंड्यांचा आकडा खरा आहे. पण इतकी अंडी घालावी लागतात, कारण त्यातली बहुतेक वाया जाणारच असतात. प्रश्न आहे तो उरलेल्या मूठभरांचा.

अमेरिकेतल्या मोंटाना आणि आयडाहो राज्यांतून कॅनडात जाणाऱ्या कूटेनाय नदीचं उदाहरण घ्या. तिथल्या पांढऱ्या स्टर्जनचा अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत १९९४ साली समावेश झाला. याच नदीवरच्या लिबी धरणात १९७२ पासून पाणी अडवायला सुरुवात झाली आणि वसंतात बर्फ वितळून येणारा मोठा लोंढा आटला. मासे मात्र विणायला येतच राहिले. मे-जूनमध्ये आयडाहोतल्या बॉनर्स फेरी गावाच्या आसपास अंडी पडतात. हे कळतं ते तळाशी सोडलेल्या चटयांमुळे. चौकटीत खरखरीत, केसाळ गाळणीचं कापड ताणून बसवायचं, दोर बांधून ती तळाला सोडायची आणि ठरावीक दिवसांनी वर ओढायची. स्टर्जनचं अंडं चिकट असतं, पडेल तिथे धरून बसतं. चटई बोटीत घेतली की गाळाने माखलेल्या धाग्यांतून बोटं फिरवत शोधावं लागतं. मध्येच ज्वारीच्या दाण्याएवढं करडं-काळं काहीतरी हाताला लागतं. पांढुरकं पडून बुरशी धरलेलं असेल तर ते मेलेलं. जिवंत असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली आतला गर्भ किती वाढलाय ते बघायचं आणि पाण्याच्या तापमानाशी ताडायचं. त्यावरून अंडं साधारण कधी पडलं याचा हिशेब लागतो. मग त्या दिवशी धरणातून किती पाणी सुटत होतं आणि ते किती थंड होतं, हेही जुळवून बघता येतं.

या चटयांनी काय सांगितलं? अंडी पडतायत, त्यांचं फलनही होतंय, पण ती पडतायत वाळूवर आणि गाळावर. गोट्यांच्या फटीत अंड्याला वाहतं पाणी मिळतं आणि बाहेर आलेल्या जिवाला लपायला जागा मिळते. सरकत्या वाळूत ते गाडलं जातं, गुदमरतं. गोट्यांचा चांगला तळ तिथून वरच्या अंगाला आहे. विणीच्या जागी दगड टाकून बघणं, वसंतात धरणातून मुद्दाम जास्त पाणी सोडणं, हे उपाय याच माहितीतून सुचले. नुसती अंडी मोजून खूश झालो असतो, तर दुखणं कुठे आहे ते कळलंच नसतं.

‘मोठे मासे दिसतात’ हा तर सगळ्यात फसवा पुरावा. पांढऱ्या स्टर्जनची मादी वयात यायला वीसहून जास्त वर्षं लागतात आणि मासा कित्येक दशकं जगतो. कूटेनायमध्ये १९७४ नंतर नैसर्गिक पिल्लं जवळजवळ जगलीच नाहीत, तरी पाण्यात धिप्पाड मासे होतेच. ती म्हातारी पिढी होती. गावात आजीआजोबा धडधाकट दिसतात म्हणून शाळेत मुलं आहेत असं कुणी म्हणेल का?

बोटुकली सोडण्याला माझा विरोध नाही. कूटेनायमध्ये तोच आधार आहे. पण तो विणीला पर्याय कसा ठरेल? चीनमध्ये यांगत्से नदीवर १९८१ साली गेझोउबा धरणाने चिनी स्टर्जनची वाट अडवली. शेकडो किलोमीटरमध्ये पसरलेली त्याची वीण धरणाच्या पायथ्याच्या छोट्या पट्ट्यात आली. तिथे दरवर्षी बारकाईने लक्ष ठेवलं गेलं, अगदी अंडी खाणाऱ्या माशांची पोटं तपासूनसुद्धा. २०१३ मध्ये तिथे पहिल्यांदाच वीण आढळली नाही. २०१६ मध्ये पुन्हा आढळली आणि २०१७ पासून परत नाही. या सगळ्या काळात बोटुकली लाखोंनी सोडली जात होती. हिशेब फक्त सोडलेल्या पिल्लांचाच ठेवला असता, तर कागदावर सगळं छान दिसलं असतं.

राहिला त्रासाचा मुद्दा, आणि त्यात तथ्य आहे. अंडी भरलेली मादी पकडून हाताळली, तर ती विणीची वाट सोडून मागे फिरू शकते. म्हणून तसं पकडणं अगदी मोजकं हवं, या आग्रहात मी त्या मजकुराच्या बाजूने आहे. पण चटई मादीला हात लावत नाही, आणि वाहत येणारी पिल्लं टिपणारं जाळंही नाही. उत्तर अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या वरच्या भागात अशाच जाळ्यांत आलेली नुकती जन्मलेली पिल्लं केंद्रात वाढवून पुन्हा नदीत सोडतात. केंद्रात मोजक्या नर-मादींपासून तयार केलेल्या पिल्लांपेक्षा यांच्यात कितीतरी जास्त आईबापांचा वंश असतो. ज्या कामाला नासाडी म्हटलं जातंय, त्याच कामातून बोटुकलीचं हे सगळ्यात चांगलं बियाणं हाती येतं.