कार्लाइलचा १९१२ चा हंगाम

तुमच्या जिम थॉर्पवरच्या लेखात त्याची १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमधली दोन सुवर्णपदकं आली, पण त्याच वर्षीचा त्याच्या शाळेचा, म्हणजे अमेरिकेतल्या मूळनिवासी मुलांच्या कार्लाइल इंडियन स्कूलचा, फुटबॉल हंगाम एका ओळीत आटोपलात, याची चुटपुट लागली. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन, अंडाकृती चेंडू छातीशी धरून पळायचा.) १४ पैकी १२ सामने जिंकले, एक बरोबरीत, एकच हार.

९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटच्या मैदानावर त्यांनी लष्करी अकादमीच्या संघाला २७-६ असं लोळवलं. समोरच्या संघात पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला आयझेनहॉवरही होता. प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांनी त्या दिवशी नवी डबल विंग रचना (दोन्ही कडांना एकेक खेळाडू उभा करायचा) वापरली आणि धिप्पाड कॅडेट्सना चेंडू कुणाकडे आहे तेच उमगेना.

मला मात्र त्या मुलांची शाळा विसरता येत नाही. मूळनिवासींची पोरं घरापासून तोडून आणायची, आल्याआल्या लांब केस कापायचे, मायबोलीत बोललं तर शिक्षा. ज्या लष्कराशी त्यांचे बापआजे लढले, त्याच्याच भावी अधिकाऱ्यांसमोर ही मुलं उभी होती! शाळेच्या दफनभूमीतल्या मुलांचे अवशेष तर २०१७ पासून कुठे त्यांच्या लोकांकडे परत जाऊ लागलेत. यावर सविस्तर लिहाच, मनापासून विनंती.